कमानपाट्याची विळी करतोय, पाणी देताना पातं तडकलं. चूक कुठे झाली?

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ८:१०

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोहारकाम शिकतोय. आमच्या गावातला शेवटचा भाता बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे शेजारी बसून शिकवणारं कुणी नाही. आतापर्यंत दोन चिमटे, एक उलथनं आणि आठ-दहा आकडे केले. ते सगळे साध्या लोखंडाचे.

आता आईसाठी विळी करायला घेतलीय. तिची विळी आजीच्या काळची. पातं झिजून झिजून बोटभर रुंदीचं उरलंय. बाजारातून दोन नव्या आणल्या, पण त्यांचं पातं म्हणजे पत्रा. तांबडा भोपळा लावला की एका अंगाला लवतं. आई पुन्हा जुन्याच विळीवर बसते आणि मला ते बघवत नाही.

भट्टी आहे जुन्या ब्रेक ड्रमची. खालून पाइप, त्याला हाताने फिरवायचा पंखा, कोळसा बाभळीचा. ऐरण म्हणून दीड फूट रूळ. भंगारातून जीपच्या कमानपाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) एक पान आणलं, साधारण ६ मिलिमीटर जाडीचं. तीन रविवार ठोकून आकार आणला, कानशीने धार काढली. आज दुपारी पातं चांगलं नारंगी केलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं. ‘टिंग’ असा आवाज आला. बाहेर काढून पाहिलं तर धारेपासून पाठीकडे दोन तडे. एक चांगला इंचभर आहे.

माल खराब होता, की पाणी द्यायला चुकलं? आणि हे पातं वाचेल का? जाणकारांनी नक्की सांगा. दसऱ्याच्या आत करायचीच आहे.

नानाची_वांगी · रात्री ८:३२

फोटो टाका. भोपळा सध्या सुखरूप आहे हे ऐकून बरं वाटलं. विळ्या-भोपळ्याचं सख्य जुळायला अजून अवकाश आहे तर!

मीनल_चिपळूण · रात्री ८:५०

आईसाठी विळी करणारा मुलगा! वाचतेय. पुढे काय झालं ते लिहाच.

तप्तलोह · रात्री ९:४५

कृष्णाकाठ, मी उष्णता-प्रक्रियेच्या कारखान्यात बावीस वर्षं काम केलंय. तुमच्या वर्णनात निदान तीन गोष्टी खटकल्या, एकेक घेतो.

पहिली, पाणी. कमानपाट्याचं पोलाद साधं लोखंड नसतं. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मध्ये कर्ब असतो, शिवाय सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. हा माल तेलात विझवायचा, म्हणजे लाल असताना तेलात बुडवून गार करायचा असतो. पोलाद लाल असताना एकदम गार झालं की त्याची आतली रचना बदलते आणि बदलताना ते किंचित फुगतं. पाण्यात वरची साल आधी थंड होऊन काचेसारखी कडक होते. मग आतला गाभा थंड होताना फुगू लागतो. सालीला ताणायला जागा नसते, म्हणून ती फाटते. तुम्ही ऐकलेली ‘टिंग’ ती हीच. तेलात हे सगळं सावकाश होतं.

दुसरी, नारंगी रंग. दुपारी उन्हात तुम्हाला जे नारंगी दिसलं ते प्रत्यक्षात फार पुढे गेलेलं असणार, कारण उजेडात रंग मंद दिसतो. हे काम तिन्हीसांजेला किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात करा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला टांगून ठेवा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. तिथून थोडंसं पुढे, म्हणजे लालाचा रंग एक छटा उजळला की बस. त्याच्या वर नेलंत तर पोलादाचे कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं.

तिसरी, ठोककाम संपल्यावर थेट पाणी दिलंत का? ठोकताना मालात ताण साठतो. आधी पातं तीनदा लाल करून दर वेळी मोकळ्या हवेत काळं पडू द्यायचं. फरशीवर किंवा ओल्या मातीत ठेवायचं नाही, विटांवर उभं ठेवायचं. आणि विझवण्याआधी धार पूर्ण काढू नका. काठ दीडेक मिलिमीटर जाड ठेवा, उरलेली धार नंतर दगडावर काढा. कागदासारखा काठ आधी तडकतो.

हे पातं वाचणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण त्याला झाळ मारून स्वयंपाकघरात देऊ नका.

माणदेशी_माणूस · रात्री १०:२०

तप्तलोह साहेब, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. आमच्या गावचे तात्या लोहार जन्मभर पाण्यातच विझवत आले. कमानपाट्याचेच कोयते, कुऱ्हाडी, विळे. भात्यासमोर दगडाची डोणी, तिच्यात पाणी. तेल कुठून आणणार? त्यांच्या हातची कुऱ्हाड आमच्याकडे अजून चालते. तेलाशिवाय होत नाही म्हणणं म्हणजे त्यांना काही कळत नव्हतं म्हटल्यासारखं झालं.

तप्तलोह · रात्री १०:४१

माणदेशी, तसं मी मुळीच म्हणालो नाही. तात्या पूर्ण कुऱ्हाड पाण्यात सोडून देत होते, की फक्त तोंड बुडवत होते? आठवून सांगा.

माणदेशी_माणूस · रात्री ११:०५

डोळ्यांपुढे आणून बघितलं. फक्त तोंड. दोन बोटं बुडवायचे, वर-खाली हलवायचे, लगेच बाहेर. मग विटेच्या तुकड्यावर धार घासायचे आणि डोळे बारीक करून बघत राहायचे. मधेच पुन्हा सगळी पाण्यात. आम्ही पोरं विचारायचो, काय बघताय? म्हणायचे, ‘रंग उतरतोय, गप बसा.’

तप्तलोह · रात्री ११:३०

हेच! तात्यांना सलाम. ते एकाच तापात, म्हणजे एकदाच तापवून, दोन कामं करत होते.

तोंड बुडवलं की तेवढाच भाग कडक होतो. पाठ अजून तापलेलीच असते, त्यामुळे सगळ्या अंगावर एकदम ताण येत नाही. मग पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. विटेने घासून चकचकीत केलेल्या जागेवर ती रंगांनी दिसते. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा तीनशेजवळ. कुऱ्हाडीला जांभळा आला की सगळी बुडवून तिथेच थांबवायचं. कडकपणातला ठिसूळपणा तेवढा निघून जातो.

पण लाल किती करायचं, बुडवायचं किती आणि घासून बघायचं कधी, हे त्यांच्या हातात चाळीस वर्षांचं मुरलेलं होतं. चार महिन्यांच्या हाताला तेल जास्त क्षमा करतं, एवढंच माझं म्हणणं.

माणदेशी_माणूस · रात्री ११:३८

आता पटलं.

आडाळेकर · सोमवार, सकाळी ७:१५

धागो वाचून बरा वाटला. आमच्याकडे विळयेक आडाळो म्हणतत. घराघरात आसता, आणि नारळ खवूची खवणी त्येच्याच टोकाक. तुमच्या विळयेक खवणी करतलास मां? नायतर ती अर्धीच.

पूर्णामाई · सकाळी ७:४०

आमच्या वऱ्हाडात पावशी म्हणतात. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा सासूबाईंनी ‘विळी आण’ म्हटलं आणि मी गवत कापायचा विळा घेऊन उभी राहिले. त्या इतक्या हसल्या की पहिल्याच दिवशी आमची गट्टी जमली.

कागल_कट्टा · सकाळी ८:०२

आमच्याकडे मोरळी. सीमेपलीकडे कानडी मंडळी ईळिगे मणे म्हणतात, मणे म्हणजे बसायचा पाट. बंगालात बोटी म्हणतात असं कोलकात्याला असताना पाहिलं, मासळीबाजारात हातभर उंचीच्या बोटीवर बसून मासे कापतात. पातं स्थिर आणि हात फिरता ही पद्धत बरीच दूरवर पसरलीय.

सुलभाताई_देशी · सकाळी ९:३०

मला मूळ मुद्द्यावर वेगळं म्हणायचंय. चाळीस वर्षं विळीवर बसतेय. लोखंडी पात्याचं कौतुक मीही करते, पण त्याची निगा लागते हे कुणी बोलत नाही. कच्ची केळी, केळफूल, वांगं, चिंच, कैरी यांनी पातं काळं पडतं आणि ते काळं भाजीला लागतं. वापरून झाल्याबरोबर धुऊन, कोरडं पुसून, तेलाचं बोट फिरवावं लागतं. पावसाळ्यात एक दिवस विसरलं तर गंज.

तरीही लोखंडीच घ्यावी, याचं कारण वेगळं आहे. तिला घरी धार लावता येते. उंबऱ्याशेजारच्या दगडावर चार हात मारले की पुन्हा लागते. माझ्या सुनेकडची चकचकीत विळी एकदा बोथट झाली ती झालीच. म्हणून कृष्णाकाठ, पातं फार कडक करू नका. इतकं कडक की दगडाला दाद देत नाही, असं पातं बाईच्या काय कामाचं? तुमच्या आईला घरच्या दगडावर धार लावता आली पाहिजे.

तप्तलोह · सकाळी ९:५५

सुलभाताईंच्या प्रतिसादाखाली मी सही करतो. कृष्णाकाठ, विझवल्यावर ताव देताना, म्हणजे ठिसूळपणा काढायला पुन्हा बेताने तापवताना, पिवळ्यावर थांबू नका, तपकिरीच्या पुढे, जांभळ्याच्या उंबरठ्यापर्यंत न्या. घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर २५० अंशांवर तासभर, गार होऊ द्या, पुन्हा तासभर.

नानाची_वांगी · सकाळी १०:०४

ओटीजीत लोखंड शिरलं की घरच्या केकवाल्या मंडळींची परवानगी आधी घ्या. आमच्याकडे यावरून संसदेचं अधिवेशन भरेल.

पालातली_पोर · दुपारी १:२०

मी सहसा वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

मी घिसाडी समाजाची. आजोबांपर्यंत आमचं बिऱ्हाड गावोगाव फिरायचं. गावाबाहेर पाल पडायचं, जमिनीत खड्डा करून भट्टी, बाजूला भाता, मातीत रोवलेली ऐरण. सुगीच्या आधी खुरपी, विळे, कुदळी, नांगराचे फाळ शेवटून, म्हणजे झिजलेली धार ठोकून नवी करून, द्यायचो. वर माणदेशी यांच्या तात्यांचं वाचताना आजोबाच दिसले.

पण एक गोष्ट कुणाच्या लिहिण्यात येत नाही, म्हणून सांगते. आमच्यात घण बायका मारतात. आजोबा सांडशीने तापलेलं लोखंड धरायचे, उजव्या हातात लहान हातोडी. त्यांनी हातोडी जिथे टेकवली, तिथे आजीचा घण पडायचा. हातोडीने ऐरणीवर रिकामा ठोका दिला की घण थांबायचा. सगळं बोलणं त्या ठोक्यांतून. आजी पोटात माझे वडील असताना सातव्या महिन्यापर्यंत घण मारत होती. विळीला धार लावून घ्यायला आलेल्या बायका उभ्या राहून बघायच्या, पण लोहार कोण, तर आजोबा. आजीला कुणी लोहार म्हटलं नाही. मी म्हणते.

कृष्णाकाठदादा, एक आजीचं सांगते. लोखंडाचा लाल रंग गेला की हात आवरायचा. काळ्यावर मारलेला घाव आत चीर पाडतो, आणि ती पाण्यात गेल्यावर बोलते. तुमचे तडे फक्त पाण्याचे नसतील.

मीनल_चिपळूण · दुपारी १:४१

ताई, आजींबद्दल अजून लिहा. वेगळा धागा काढलात तरी चालेल.

कृष्णाकाठ · दुपारी २:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. पालातली_पोर, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘आमच्या माहेरी यायचे ते, बाईच घण मारायची.’ तिला पन्नास वर्षांपूर्वीचं आठवलं.

आणि तुमचं म्हणणं खरं आहे. शेवटच्या रविवारी कोळसा संपत आला होता. बाक सरळ करायला मी बऱ्यापैकी काळ्यावर ठोकत होतो.

त्यावरून एक विचारायचंय. धारेची बाजू ठोकून पातळ करायला घेतली की पातं केळ्यासारखं पाठीकडे वाकतं. ते सरळ करण्यातच माझे निम्मे ताप जातात.

ओहायोचा_पंत · दुपारी ३:५०

ते वाकणारच. धारेची बाजू पातळ होते तशी लांबते, पाठ आहे तेवढीच राहते. म्हणून आधीच उलटा बाक द्यायचा, म्हणजे धारेची कड आतल्या बाजूला घेऊन. मग धार ठोकत गेलात की पातं आपसूक उलगडत सरळ होतं. विळीला शेवटी हवा तो बाक त्यातूनच ठरवता येतो.

मी इकडे गॅरेजमध्ये गॅसच्या भट्टीवर काम करतो, गाड्यांच्या कमानपाट्याचंच. तेल कोणतंही खाण्याचं चालतं, मी कनोलाचं वापरतो, तुम्ही शेंगदाण्याचं घ्या. ते ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. गार तेल घट्ट असतं, उष्णता नीट ओढून घेत नाही. पातं धारेकडून, सरळ खाली सोडायचं. आडवं हलवलंत तर पिळतं.

जुना पाटा वापरताना एक परीक्षा करा. घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी भुरभुरवा. आधीची चीर असेल तर त्यातलं रॉकेल झिरपून भुकटीवर रेघ उमटते. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून फिरलेल्या पाट्यात अशा चिरा असतात.

रात्रपाळी · संध्याकाळी ६:१०

तेलाचं सगळे सांगताहेत, आगीचं कुणी सांगेना. लाल पातं अर्धवट बुडालं की तेल पेट घेतं. भांडं लोखंडी आणि खोल हवं, प्लॅस्टिकची बादली अजिबात नको. वर घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवा. पेटलं की झाकण, पाणी कदापि नाही. अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. आणि भंगारातलं जस्त चढवलेलं काही, पांढरट पाइप किंवा पट्टी, भट्टीत घालू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. आमच्या खात्यात एकाला तसा भरला होता, दोन दिवस उठला नाही.

कायदेकानू · संध्याकाळी ६:४५

ऐरणीचा रूळ कुठून आणला? रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, रुळाचा तुकडासुद्धा त्यात येतो. भंगारवाल्याकडून पावती घेतली नसेल तर घेऊन ठेवा.

कृष्णाकाठ · संध्याकाळी ७:२०

तो साखर कारखान्याच्या क्रेनखालचा जुना रूळ आहे, लिलावात आलेला. पावती आहे. तरी सांगितलंत ते बरं केलंत.

शहरी_बाबू · संध्याकाळी ७:५८

एवढ्या खटपटीपेक्षा आठवडी बाजारात अजून लोहार बसतात, त्यांच्याकडून घेतली तर त्यांचंही पोट भरेल ना?

पालातली_पोर · रात्री ८:३०

घ्याच त्यांच्याकडून, आणि घासाघीस करू नका. पण एक सांगू? ज्याने स्वतः एक पातं ठोकून बघितलं, तो माणूस पुन्हा कधी लोहाराशी दोन रुपयांसाठी भांडत नाही. दादांना करू द्या.

शहरी_बाबू · रात्री ८:३४

मान्य ताई.

कृष्णाकाठ · तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:००

मंडळी, झाली.

त्याच पाट्याचं उरलेलं टोक घेतलं. रॉकेल-खडूची परीक्षा केली, एका बाजूला बारीक रेघ उमटली, तेवढा भाग कापून टाकला. आधी उलटा बाक दिला. लाली गेली की हात थांबवला, त्यामुळे दोन रविवारांचं काम चार रविवारांसारखं वाटलं, पण पातं हाताखाली ऐकत होतं. घण मारायला बायको उभी राहिली. मी हातोडी टेकवायची, तिने मारायचा. पहिला तास आमचा ताल जुळेना. मग जुळला, आणि त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ काहीच बोललो नाही, नुसते ठोके. पालातली_पोर, तुमच्या आजोबा-आजींची आठवण काढली.

तीनदा हवेत गार केलं. मग तिन्हीसांजेला, चुंबक लावून, कोमट शेंगदाणा तेलात सोडलं. थोडा भडका उडाला, झाकण टाकलं, विझला. आवाज आला नाही. मी तरी कान लावून बसलो होतो. गार झाल्यावर कानस फिरवली तर काचेवरून सरकावी तशी घसरली. ओटीजीत दोनदा तास-तासभर, घरच्यांच्या परवानगीने. रंग तपकिरीवरून जांभळ्याकडे झुकलेला आला. आता कानस धरते, पण जरा हट्ट करून.

पाट बाभळीचा, पात्याचं शेपूट त्यातून आरपार काढून खाली वळवलं.

आज सकाळी आईने पाट पुढे ओढला, बसली, बोटाने धार पाहिली. आधी कोथिंबीर घेतली. मग तांबडा भोपळा. पातं हललं नाही. मग उठली, मागच्या दारच्या दगडावर चार हात मारून आली आणि पुन्हा बसली. ‘दगडाला लागते,’ म्हणाली. सुलभाताई, हे खास तुमच्यासाठी लिहितोय.

जुनी विळी टाकलेली नाही. खंडेनवमीला दोन्हींना हळदकुंकू लावणार आहोत.

सुलभाताई_देशी · रात्री ९:१४

डोळे भरून आले हो. आईंना नमस्कार सांगा. पहिले आठ दिवस रोज खोबरेल तेल लावा.

तप्तलोह · रात्री ९:२०

जांभळ्याकडे झुकलेला तपकिरी म्हणजे अगदी हवा तोच. अभिनंदन! तडकलेलं पातं फेकू नका. ते तड्याशी मोडा आणि आतले कण बघा. साखरेसारखे चमचमणारे, जाड दिसले तर ताप जास्त झाला होता. राखाडी, मऊ रेशमासारखे दिसले तर ताप बरोबर होता, चीर पाण्याची किंवा काळ्यावरच्या घावांची. फोटो टाका, बघून सांगतो.

माणदेशी_माणूस · रात्री ९:३३

पुढचं पातं तात्यांच्या पद्धतीने पाण्यात करून बघा. मीही येतो, अंतर फार नाही. विटेचा तुकडा माझा.

आडाळेकर · रात्री १०:०५

सगळा झाला, पण खवणी खंय आसा?

कृष्णाकाठ · रात्री १०:१२

आईनेही तेच विचारलं! टोक मुद्दाम रुंद सोडलंय. पण दाते पाडायचे कसे, विझवण्याआधी कानशीने की तापवून छिन्नीने?

आडाळेकर · रात्री १०:२६

आधी. विझयल्यार कानस लागाची नाय. टोक तापवून पानासारखा पसरा, थोडा आत वळवा, गार झाल्यार त्रिकोणी कानशीन दाते काढा. बारीक नको, नारळ पाणी सोडता. आता विझयलेला आसा तर फक्त टोक पुन्हा लाल करा, बाकीच्या पात्याक ओलो फडको गुंडाळून ठेया. उद्या आमच्या आडाळ्याचो फोटो टाकतंय, माप घेवा.